पडद्याच्या मागल्या अंगाला

पडद्यामागून कुणीतरी खदाखदा हसलं आणि तेजराम खुर्चीत खाली सरकला. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं.

सेक्टर दहाच्या मैदानात कारखान्याच्या क्लबनं इंग्रजी पिक्चर लावला होता. पडद्यापुढे पासवाल्यांच्या खुर्च्या, मागे बिनपासचे जमिनीवर. त्यांना सगळं उलटं दिसायचं, पण फुकट दिसायचं. तेजरामला पास दोघांचा मिळाला होता. घरी मात्र तो म्हणाला होता, "आत्या, पास एकाचाच भेटला."

"जाय बाबू, तू पाहून ये. मले काय समजते इंग्रजीतलं!" भागाबाई म्हणाली होती.

तिला आणायचं म्हणजे पंचाईत. बाई चारचौघांत बिडी ओढायची, साहेबांच्या बायकांना हाक मारून जय भीम ठोकायची. आणि शेजारच्या खुर्चीत सपत्नीक बसले होते फोरमनसाहेब. तेजरामचं प्रमोशन त्यांच्याच हातात होतं.

पिक्चरही नेमका एका वल्ली आत्याचा. भर मेजवानीत ती जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली आली, तशा खुर्च्यांवरच्यांनी टाळ्या पिटल्या. तेजरामनंही पिटल्या. मागून पुन्हा तेच हसू, वर एक शिट्टी.

"ये कौन है भाई?" फोरमनसाहेबांनी खुशीत विचारलं.

"पता नहीं, सर."

बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. घमेली वाहून जिनं त्याला मॅट्रिक केलं, तिला त्यानं एका खुर्चीपायी नाकारलं होतं. उरलेल्या पिक्चरमध्ये काय झालं, ते त्याला कळलंच नाही.

पिक्चर सुटला तशा साहेबांच्या बाई थेट पडद्यामागे गेल्या. साहेब आणि तेजराम मागोमाग. भागाबाई लुगडं झटकत उभी राहत होती.

"माताजी, आप ही हँस रही थीं ना? मजा आ गया! किसके साथ आयी हैं?"

भागाबाईनं तेजरामकडे पाहिलं. तो तोंड उघडणारच होता. खरंच उघडणार होता.

"किसी के साथ नहीं, बाईसाब. अकेलीच आयी."

"तेजराम," साहेब म्हणाले, "इनको घर तक छोड़ आओ."

"नको जी, आपको तकलीफ होगी साहेब," ती तेजरामला म्हणाली.

आत्या-भाच्याचं क्वार्टर डावीकडे, हाकेच्या अंतरावर होतं. भागाबाई उजवीकडे वळून मरोदा गावाच्या वाटेला लागली.