ठिपका नसताना

काचबिंदूवरच्या नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. त्यात घेतलेल्या आजींनी नजर तपासणाऱ्या यंत्राच्या पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं आणि ठिपका उजळला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम होतं. अधूनमधून यंत्र नुसतंच टिक् करी, ठिपका उजळतच नसे. उगाच बटण दाबणारे त्यात सापडत.

आजी नेमक्या तेव्हाच दाबायच्या.

"तुमचं नाव अभ्यासातून काढतोय," डॉक्टर म्हणाले. "औषध आजपासून बंद."

"मग उरलंसुरलंही जाईल हो. नातीचं तोंड अजून दिसतंय तेवढं."

"मग खोटं कशाला दाबता?"

"ठिपका नसतो तेव्हा आतला माणूस माझ्याकडे बघतो. बटण दाबलं की नजर वळवतो."

डॉक्टर हसले. "काचबिंदू डोळ्यांत होतो, आजी. तुमच्या डोक्यात कसा गेला? उठा, मी दाखवतो."

ते स्वतः बसले आणि हनुवटी टेकवली. पहिले ठिपके अचूक टिपले. मग नुसतंच टिक् झालं आणि डॉक्टरांनी बटण दाबलं. पुन्हा टिक् झालं. त्यांनी पुन्हा दाबलं. त्यांची मान घामाने भिजली, पण जागा रिकामी सोडून उठायची हिंमत होईना.

"आजी," घुमटातून डॉक्टरांचा दबका आवाज आला, "औषध चालू ठेवतो. फक्त इथे येऊन बसा."

"खरंच?"

"खरंच. लवकर या."

आजी हरखून पुढे झाल्या. डॉक्टर बाजूला सरकले आणि त्यांनी आजींचं डोकं मागून घट्ट धरून आत दाबलं.

"डॉक्टर, बटण द्या ना."

डॉक्टरांनी मूठ उघडली नाही.

घुमटात टिक् झालं.