फुकटचा वजीर

आजारपणानंतर बाबा खचले. साधी बेरीज चुकली तरी दिवसभर गप्प बसायचे. म्हणून मी त्यांच्यासाठी बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला आणि इतरांसाठीही नेटवर कोडसकट खुला ठेवला. त्यात गुपचूप एक सोय केली: बाबा हरायला आले की कॉम्प्युटर आपला वजीर फुकट द्यायचा. आज एका अनोळखी प्रोग्रॅमरचा निरोप आला, “ताई, तुमचा वजीर फुकट मरतोय. चूक शोधून दुरुस्ती पाठवलीय, घ्या.” कसली चूक! शहाणा कुठला! मी नकार लिहायला घेतला, तर बाबा काठी टेकत मागे उभे. स्क्रीन वाचून म्हणाले, “घे की! हल्ली कॉम्प्युटरनं वजीर दिला, की मी डावच मोडतो. लेकीकडून फुकटचं किती खायचं?” मी ती दुरुस्ती घेतली. संध्याकाळी आतून आवाज आला, कितीतरी दिवसांनी खणखणीत: “हरलो गं! चहा टाक, दुसरा डाव मांडलाय.”