पानी

नायगावच्या खाडीवरचा बंद कारखाना पाडला, काळा गाळ उपसला आणि आम्ही तिथे तिवरांची रोपं लावली. भरती चढू लागली की सगळ्यांना चिखलातून बाहेर बोलवायचं काम माझं.

"पाणी आलं," मी हाक द्यायचो.

समोरून यायचं, "पानी आलं."

"काका, कारखान्याची भिंत पाडली, पण प्रतिध्वनी न्यायचा राहिला वाटतं," आमच्यासोबत रोपं लावणारी अक्षया हसायची.

म्हातारपणी अक्षरं शिकलो, तेव्हापासून मी 'पाणी' म्हणतो. 'पानी' म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही. माझी बायको सुभद्रा शेवटची, तीही वारली.

काल सगळे गेल्यावर मी बांधावर एकटाच थांबलो. भरतीत रोपं पूर्ण बुडाली होती. मी हाक दिलीच नव्हती.

"पानी गेलं," तिकडून आवाज आला. "या ना आता."

मी चपला काढल्या.