ओढ्यात सापडलेला खडा

मेंढपाळ भिकाजी कोळपे यांना सिन्नरजवळच्या ओढ्यात एक निळसर दगड सापडला. तो कसला आहे हे विचारायला ते खनिज संग्रहालयात आले. तिथल्या हेमांगी ठोसरने दगड यंत्राखाली धरला आणि ती थबकली.

"बाबा, हा जमिनीतला दगड नाही. या अस्थी आहेत."

भिकाजींनी डोक्यावरचं पागोटं उतरवलं. अस्थी नदीत सोडायला बंदी आल्यापासून लोक त्यांचा खडा करून घरात ठेवत, हे त्यांनी ऐकलं होतं. पाहिला मात्र नव्हता. खड्याच्या पोटात कोरलेलं नाव यंत्राने वाचलं: सुलोचना रणदिवे. हेमांगीने नोंदींतून मुलाचा नंबर काढला आणि फोन लावला.

"तुमची चूक होतेय, मॅडम," तो म्हणाला. "आई इथे देव्हाऱ्यात आहे, माझ्यासमोर. अकरा वर्षं झाली."

"तो खडा घेऊन येता का? तपासून बघू."



"मग इतकी वर्षं मी कुणाला नमस्कार केला?" त्याने हळूच विचारलं. "नको. मला कळायला नको." त्याने फोन ठेवला आणि नंतर उचललाच नाही.

हेमांगीने बेवारस खड्यांचा अर्ज पुढे ओढला. "आता यांना आमच्या कपाटात ठेवावं लागेल."

"कपाटात कशाला, बाई?" भिकाजी म्हणाले. "मी रानात असतो, माझी म्हातारी घरी एकटीच असते. बसतील दोघी बोलत."

हेमांगीने अर्ज बाजूला सारला आणि सुलोचनाबाईंना त्यांच्या हातात दिलं.