मागची सीट

"गाडीत तुमच्याशिवाय कोणी दिसत नाही, काका," खिडकीमागची कारकून बाई म्हणाली आणि तिने तीन फोटो शिंप्यापुढे सरकवले.

शिंप्याचा हा तिसरा हेलपाटा. शहराच्या मधल्या भागात गाडी घालायची तर शुल्क. अपंग माणूस गाडीत असेल तर माफ. माफीचं कार्ड त्याच्या बायकोच्या नावावर होतं. कॅमेऱ्याने तीनदा टिपलं आणि तिन्ही वेळा शेजारची सीट रिकामी. आज खुलासा पटला नाही तर कार्ड रद्द. मग आठवड्यातून तीनदा तिला उपचारांना न्यायचं कसं, हे विचारायला मात्र कुठे खिडकी नव्हती.

"अहो, ती मागे आडवी असते. मणक्याचं दुखणं. बसताच येत नाही तिला."

"सगळे हेच सांगतात. परवा एकाने आजीच्या कार्डावर फ्रिज नेला." बाईच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. सकाळपासून ती ठप्प ठप्प शिक्के मारत होती, बहुतेक 'नामंजूर'चेच. नाही म्हणूनही माणूस दमतोच की.

"मग काय उचलून आणू तिला? तीन जिने आहेत, आणि लिफ्ट बंद. तशी चिठ्ठी तुम्हीच लावलीये खाली." शिंप्याने चष्मा पुसला. भांडायचंही त्याच्या जिवावर आलं होतं. "माझ्या खांद्याकडे बघा, ताई."

बाईने फोटो डोळ्यांजवळ नेला. शिंप्याच्या खांद्यावर मागून आलेली चार बोटं होती.

"तिचा हात. दुखलं की दाबते, मग मी वेग कमी करतो. बोलायचं त्राण नसतं ना."

दुसऱ्या फोटोतही बोटं होती. तिसऱ्यात नव्हती.

"यात नाही." बाईलाच वाईट वाटलं. "एक जरी फेरी तिच्याशिवाय झाली असेल ना काका, तरी कार्ड जातं. माझ्या हातात काही नाही."

मागे रांग कुरकुरायला लागली. बाईने फोटोंच्या कडेला छापलेले आकडे सवयीने अर्जावर उतरवायला घेतले. तारीख, वेळ, वेग. पहिल्यात वेग सदतीस. दुसऱ्यात पस्तीस. तिसऱ्यात अकरा.

तिने तो फोटो पुन्हा उचलला. पुढे गाडी नाही, सिग्नल नाही, मोकळा रस्ता.

"अकरा? अहो, बैलगाडी बरी! मागच्यांनी शिव्या घातल्या असतील."

"घातल्या ना. अगदी सात पिढ्यांचा उद्धार केला." शिंपी पहिल्यांदाच हसला. "पण तिला झोप लागली होती हो. चार महिन्यांत पहिल्यांदा."

बाईने 'मंजूर'चा शिक्का घेतला आणि जराही आवाज होऊ न देता कागदावर टेकवला.