पूर्ण झालेलं चित्र

दोन देशांच्या चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन होतं आणि विषय होता ‘आईबाप’. एका भिंतीवर इथल्या चित्रकाराची कोळशाने काढलेली चित्रं, समोरच्या भिंतीवर परदेशातून आलेल्या बाईंची. फीत कापून झाली, भाषणं झाली आणि चित्रकार नव्या कोटात मिरवू लागला. मुलगा आवर्जून आला होता. सोबतच्या बाबागाडीत त्याची लेक गाढ झोपली होती.

बाईंच्या भिंतीपाशी चित्रकार थबकला. एकही चित्र पुरं नव्हतं. कुठे बाळाचं नुसतं कपाळ आणि एक कान, कुठे तर चारदोन रेघाच.

“एवढ्या लांबून अर्धवट कामं उचलून आणली की काय बाईंनी?” तो मुलाच्या कानाशी कुजबुजला आणि स्वतःच हसला.

तेवढ्यात दुभाषी मुलगी बाईंना घेऊन आली. “या म्हणतायत, बाळ झोपलं की या चित्र काढायला बसायच्या. बाळ उठलं की चित्र तिथेच संपलं. नंतर त्याला हात लावायचा नाही, असं यांनी ठरवूनच टाकलं होतं.”

“वा! कल्पना छान आहे,” चित्रकार मोठ्या मनाने म्हणाला.

मग बाई त्याच्या भिंतीकडे वळल्या. मधोमध त्याचं गाजलेलं चित्र होतं, ‘हट्ट’. गजांच्या पाळण्यात उभं राहून रडणारं वर्षाचं बाळ, दोन्ही हात पुढे पसरलेले. ते बाळ म्हणजे आता शेजारी उभा असलेला मुलगा. गालावरचे ओघळ, झबल्याची चुणी न् चुणी, जमिनीवर पडलेली गजांची सावली, कशातही काही कमी नव्हतं. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच काहीतरी बोलल्या. दुभाषी मुलगी जरा घुटमळली.

“त्या विचारतायत, मग बाळाला उचललं कोणी?”

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे सावलीचं कौतुक करत. त्या दिवशी घरात तो आणि बाळ, दोघंच होते, आणि ती सावली हवी तिथे सरकेपर्यंत तो थांबला होता.

“अहो, उचललं तरी मी गप्प बसतोय कसला!” मुलगाच म्हणाला. “भलताच रडका होतो मी. सांगा त्यांना.”

सगळे हसले. चित्रकाराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोराने आपल्यासाठी खोटं बोलावं, तेही इतक्या सहज, याची त्याला त्या प्रश्नाहून जास्त लाज वाटली. मान वर करून कोणाकडे बघवेना.

हसण्याच्या आवाजाने नात जागी झाली. अनोळखी चेहरे बघून तिचे ओठ थरथरले, तिने भोकाड पसरलं आणि सगळ्यात जवळ असलेल्या आजोबांकडे दोन्ही हात पसरले. वरच्या दिव्याचा उजेड नेमका तिच्या ओल्या गालावर पडला होता.

चित्रकाराचा हात कोटाच्या खिशात गेला. पेन्सिल बोटांत आल्यावरच त्याला ते कळलं. मुलालाही दिसलं.

मुलाने वाकून लेकीला उचललं, खांद्यावर घेतलं आणि तिची पाठ थोपटू लागला.

“असू द्या बाबा,” तो म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. “तुमचं चालू द्या.”