बेडकाचं गाणं

शाळेच्या सहलीची बोट बुडाली, अख्खा देश सुन्न झाला आणि जन्मभर बालगीतं लिहिणाऱ्या बाईंना रेडिओवाल्यांनी शोकगीत लिहायला बसवलं. शोकसभेत त्यांनी पेटीच्या पट्ट्यांवर हात ठेवला, तोच पहिल्या रांगेतली एक आई म्हणाली, “नवीन नको हो ताई. तुमचं ते बेडकाचं म्हणा. बोटीत पोरं तेच गात होती, नावाडी सांगतो.” बाई गोंधळल्या. इथे बेडूक? बरं दिसेल का? त्यांनी संथ, रडक्या लयीत सुरुवात केली. “अहो, बेडूक झोपेल अशाने,” आई म्हणाली. बाईंनी लय वाढवली. हसावं की रडावं, कळेना. हात आपले धावत होते. मग ती ओळ आली, जिच्यानंतर त्या नेहमी थांबायच्या आणि मुलं ओरडायची. सवयीने बाई थांबल्या. ही जागा कुणी भरायची? तेवढ्यात आई तोंडावरचा रुमाल काढून घोगऱ्या आवाजात म्हणाली, “डराव.”